वडिलांपायी

"याला इंग्रजीत एक शब्द आहे," असं म्हणून अण्णा भर रस्त्यात थांबत. छत्री काखेत, डोळे मिटलेले, उजव्या हाताची चिमूट कपाळाशी. जणू तो शब्द भुवईच्या केसांत अडकला आहे आणि आता उपटून काढायचा आहे. मागून बैलगाडी येवो, टांगा येवो, अण्णा हलत नसत. टांगेवाला कानडीत त्यांच्या सगळ्या कुळाचा उद्धार करून बाजूनं निघून जाई. मग अण्णा डोळे उघडून म्हणत, "जाऊ दे. आठवला की सांगतो."

शब्द सहसा आठवत नसे. यात आम्हा सगळ्यांचं कल्याण होतं, हे पुढं कळलं. एकदाच तो नेमका आठवला, तोही आगगाडीत, मोठ्यानं. त्याचं काय झालं तेच सांगायला बसलो आहे.

तुम्हीही असा माणूस पाहिला असेल. हुबळीत तर प्रत्येक घरात एक अण्णा आणि एक अप्पा असतातच, त्यामुळं नाव सांगितलं नाही तरी कुणाचं अडत नाही. आमचे अण्णा दुर्गदबैलाच्या बाजारामागच्या गल्लीत आमच्या भिंतीला भिंत लावून राहत. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठे. मराठी शाळेत मास्तर होते. ती मास्तरकी सोडून ते पुन्हा विद्यार्थी झाले आणि माझ्या बाकावर येऊन बसले.

धारवाडात मिशनच्या कॉलेजानं त्या सुमारास व्यापारी शिक्षणाचा एक वर्ग काढला होता. बँकिंग, चलन, सरकारी कर्जरोखे असले विषय. तो वर्ग पास झाला की बँकेत जागा ठेवलेलीच, अशी हवा होती. आमच्या घरांना तोवर दोनच वाटा ठाऊक होत्या. शहाण्या मुलानं वकील व्हायचं, बाकीच्यांनी कचेरीत चिकटायचं. अण्णांनी तिसरी वाट काढली, आणि माझं काय करावं हे घरी कुणाला सुचत नसल्यामुळं मला त्यांच्या मागं बांधून दिलं, भरल्या पोत्याला रिकामं पोतं बांधतात तसं.

अण्णांचे वडील, म्हणजे अप्पा, मामलेदार कचेरीतून पेन्शनीत निघालेले. त्यांना ही तिसरी वाट पसंत नव्हती.

"फायनान्स म्हणजे काय रे?" त्यांनी विचारलं.

"पैशाचं शास्त्र, अप्पा."

"म्हणजे सावकारी. ती शिकायला पाद्र्याकडं कशाला जायचं? इथं दुर्गदबैलात कुठल्याही शेटजीच्या गादीजवळ जाऊन बस की."

"ही सावकारी वेगळी. याला इंग्रजीत एक..."

"राहू दे," अप्पा म्हणाले.

मास्तरकी सोडल्यावर अण्णांनी पहिलं काम केलं ते मिशा वाढवण्याचं. बँकेच्या शाखेच्या मुख्याला तेव्हा एजंट म्हणत, आणि एजंटाला मिशा हव्यातच असं अण्णांचं ठाम मत होतं. "लोक आपला पैसा परक्याच्या हातात देतात," ते म्हणत, "त्यांना बघायला काहीतरी भक्कम नको काय?" मीही प्रयत्न केला. माझ्या ओठावर जे उगवलं ते बघून माझी आई दुधाची साय पुसावी तसा पदरानं माझा ओठ पुसायला आली.

रोज सकाळी आम्ही गाडीनं धारवाडला जात असू. उणकल गेलं, अमरगोळ गेलं, तरी अण्णांचं डोकं पुस्तकातून वर येत नसे. कॉलेजात पहिला तास बायबलचा, सक्तीचा. दुसरा बँकिंगचा. दोन्ही तास प्रिन्सिपॉल पाद्रीसाहेबच घेत, एकाच आवाजात, एकाच टेबलाला टेकून. अण्णा टिपणं मराठीत काढत, आणि मराठीची एक अडचण अशी की तिच्यात दोन्ही ठिकाणी तारणच लागतं. पहिल्या तासाला प्रभूचं तारण, दुसऱ्या तासाला बँकेचं. मी अण्णांच्याच टिपणांवरून अभ्यास करी. त्यामुळं बायबलच्या पेपरात मी एकदा, तारण देताना मालाची किंमत नीट तपासून घ्यावी, असं लिहून आलो. साहेबांनी मला बोलावून घेतलं आणि बराच वेळ माझ्याकडं नुसतं पाहिलं.

हे साहेब म्हणजे वयस्क, उंच, किंचित वाकलेले गृहस्थ. कानडी अशी बोलत की आम्ही ओशाळावं. आमच्या कानडीत निम्मी मराठी, त्यांच्या कानडीत एकही परका दाणा नाही. सारा जन्म त्यांनी इकडं काढला होता. शाळा बांधली, कॉलेज बांधलं, विहीर खणली. हिंदू मुलं येत, अदबीनं बायबल ऐकत, त्यात उत्तम मार्क मिळवत आणि जशी आली तशीच शेंडीसकट घरी जात. एकही मुलगा त्यांच्या देवाकडं वळला नव्हता. साहेब त्याबद्दल कधी बोलत नसत.

तर एका संध्याकाळी आम्ही परतीच्या गाडीत बसलो होतो. समोरच्या बाकावर आमच्या गल्लीतले भटजी धारवाडचं श्राद्ध आटोपून पेंगत होते. अण्णा मात्र खुशीत होते. सरकार जास्त व्याजाचे जुने रोखे परत घेऊन त्यांच्या जागी कमी व्याजाचे नवे देतं, त्यावरचं प्रकरण साहेब पुढल्या गुरुवारी शिकवणार होते. त्याला इंग्रजीत एक शब्द आहे. अण्णांनी चिमूट कपाळाला लावली, डोळे मिटले, आणि काय योग होता कोण जाणे, शब्द सापडला.

"कन्व्हर्जन!" ते ओरडले. "गुरुवारी कन्व्हर्जन! साहेब स्वतः करणार आहेत."

"अवघड असतं काय हो?" मी विचारलं.

"छे! एकदा मनानं घेतलं की अगदी सोपं. जुनं टाकायचं, नवं घ्यायचं. डोक्यावरचा बोजा हलका होतो. ज्यांना नकोच असेल त्यांच्यावर जबरदस्ती नाही, पण शहाणे लोक घेतात."

आमच्या भटजींना इंग्रजीतले तीनच शब्द येत. स्टेशन, कलेक्टर आणि कन्व्हर्जन. समोरची पेंग खाडकन उतरली. हुबळी स्टेशन आलं तेव्हा गाडी पुरती थांबायच्या आत भटजी खाली उतरले होते.

सकाळी उजाडतं न उजाडतं तोच अप्पा आमच्या दारात उभे. डोक्याला रुमाल, अंगात कचेरीचा जुना कोट. अण्णा घरात झोपलेले होते. भिंतीपलीकडं जाऊन "काय रे, तू बाटतोस काय?" एवढं विचारलं असतं तर प्रकरण दात घासायच्या आत मिटलं असतं. पण मुलाला काही विचारायची आमच्या गल्लीत पद्धत नव्हती. मुलांना सांगायचं असे.

"ऊठ," अप्पा मला म्हणाले. "पाद्र्याकडं जायचं. तू त्याच्या संगतीत असतोस, तुला सगळं ठाऊक असणार."

गाडीत मी धीर करून म्हणालो, "अप्पा, तसं काही नाही हो. ते कन्व्हर्जन कर्जाचं आहे."

अप्पांचा चेहरा पांढरा पडला. "कर्ज? कर्ज काढलंय त्यानं? पाद्र्याकडून?"

"नाही हो, कर्ज सरकारचं..."

"सरकारपण आहे यात!" अप्पा म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत त्यांनी डोळे टिपले. त्यानंतर मी तोंड उघडलं नाही. माझ्या समजावून सांगण्याचे परिणाम मला लहानपणापासून ठाऊक आहेत.

साहेब बंगल्याच्या व्हरांड्यात बसले होते. अप्पा पायरीवरूनच कडाडले, "माझ्या मुलाचं कन्व्हर्जन गुरुवारी करणार आहात, खरं की खोटं?"

आता मला सांगा, असा प्रश्न आल्यावर माणूस दचकेल, नाकबूल करेल, निदान चिडेल. साहेब उठून उभे राहिले. "तुमचा मुलगा?" ते म्हणाले. "तो असं म्हणाला? स्वतःहून?" आणि त्यांनी पुढं येऊन अप्पांचे दोन्ही हात हातांत घेतले. आत वळून मडमेला हाक मारली. खुर्ची आली, उशी आली. भांडायला आलेल्या अप्पांची अवस्था व्याह्याच्या घरी आल्यासारखी झाली. साहेबांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते लपवायचं त्यांना सुचत नव्हतं.

एवढ्यात पुढच्या गाडीनं अण्णा आले. अप्पा गेलेत कुठं हे कळल्यावर बिचारे स्टेशनवरून पळत आले होते. हातात पुस्तक होतंच.

"मुला," साहेब म्हणाले, "गुरुवारची तुझी तयारी आहे?"

"आहे की, सर," अण्णा धापा टाकत म्हणाले. "नववं प्रकरण. दोनदा वाचलंय."

साहेब हळूच खुर्चीत बसले. त्यांना सगळं कळलं, मग अप्पांना कळलं, आणि मडम आतून चहाचा ट्रे घेऊन आली तिला काहीच कळलं नव्हतं, त्यामुळं ती एकटीच हसत होती. तिनं कप अप्पांच्या हातात दिला. अप्पांनी कपाकडं पाहिलं, मग साहेबांच्या वाकलेल्या पाठीकडं पाहिलं, आणि एका घोटात नाही, सावकाश, बशीत ओतून, शेवटपर्यंत चहा प्यायले.

अप्पांनी जन्मात केलेलं एवढंच एक चांगलं काम मी स्वतः पाहिलं आहे. प्रायश्चित्त घ्यावं लागलं ते नेमकं त्याचंच.

त्या चहाचं मी कुणाला बोललो नाही. गुरुवारी कन्व्हर्जन झालं. परीक्षा झाली, अण्णा पहिले आले, मी आलो. साहेबांनी आम्हा दोघांची नावं हुबळीच्या एका बँकेला सुचवली, आणि मुलाखतीचं बोलावणंही आलं. पण तो चहा काही अप्पांच्या पोटातून खाली उतरला नव्हता. अन्न जाईना, झोप येईना. शेवटी त्यांनी भटजींना बोलावून सगळं ओकलं.

भटजी म्हणाले, "क्षौर, पंचगव्य, नवं जानवं. पण दिवसभर उपास घडायचा, आणि तुम्हाला हा दमा. थोरल्या मुलानं वडिलांच्या वतीनं केलं तर शास्त्राला चालतं."

"मी?" अण्णा म्हणाले. "चहा अप्पा प्याले!"

"शब्द कोण बोललं?" भटजींनी विचारलं.

"अहो, परवा माझी मुलाखत आहे. बँकेत! मिशा तरी ठेवा."

"मिशांची मुलाखत आहे काय तुझ्या?" अप्पा कण्हत म्हणाले. "वडिलांसाठी एवढं होत नाही तुझ्याच्यानं?"

झालं. दोन वर्षं तूप लावून जोपासलेल्या मिशा न्हाव्यानं चार फटक्यांत उतरवल्या. अण्णांचं डोकं तुळतुळीत, तोंड कोऱ्या पाटीसारखं. आमच्याकडं मिशा उतरलेला माणूस दिसला की लोक एकच गोष्ट समजतात, आणि विचारायच्या आधी आवाज खाली आणतात. हे तेव्हा आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नाही.

मुलाखतीला अप्पाही बरोबर आले. चहा उतरल्यामुळं त्यांना हुशारी वाटत होती. बँकेसमोर सरकीचं दुकान होतं, त्याच्या कट्ट्यावर ते शेंगा घेऊन बसले. अण्णांना आत बोलावलं. मी पायरीवर उभा.

एजंटसाहेब मंगळूरकडचे. बदलून येऊन थोडेच दिवस झालेले, गावात कुणाची ओळख नाही. अण्णांचं डोकं बघून ते खुर्चीतून अर्धे उठले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "तंदेयवर सलुवागि?"

हा सलुवागि कानडीतला मोठा लबाड शब्द आहे. साठी, मुळं, पायी, सगळं त्यात बसतं. वडिलांपायी? अण्णा सरळ माणूस. त्यांच्या डोळ्यांसमोर चहा, भटजी आणि न्हावी उभे राहिले. ते मनापासून म्हणाले, "हौदु, सर. वडिलांपायीच."

साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. बँकिंगचा एकही प्रश्न विचारला नाही. आपलेही वडील असेच लवकर गेले, घर आपल्या अंगावर पडलं, तेव्हा एका अनोळखी माणसानं आपल्याला उभं केलं, असं काही ते सांगत राहिले. बँकेला हुशार माणसं मिळतात, जबाबदार मिळत नाहीत, असंही म्हणाले. दिवस पुरे करून या, जागा तुमची. अण्णांच्या लक्षात आलं तेव्हा साहेबांनी रुमालानं डोळे पुसले होते, आणि पुसलेल्या डोळ्यांना काय सांगणार?

अण्णा पायरीवर आले.

"काय झालं?" मी विचारलं.

"नोकरी मिळाली."

"मग तोंड असं का?"

"अप्पा गेले," अण्णा म्हणाले.

मी समोर पाहिलं. अप्पा कट्ट्यावर शेंगांची टरफलं फुंकत होते.

मग माझी पाळी. साहेबांनी माझ्या डोक्यावरचे भरगच्च केस पाहिले. "वडील?"

"आहेत," मी आनंदानं म्हणालो. माझी मुलाखत तिथंच संपली. पुढं मी विम्याच्या धंद्यात पडलो, जिथं कुणीतरी मेल्याशिवाय कुणालाच काही मिळत नाही. त्या दिवशीच्या धड्याचा एवढा उपयोग झाला.

अप्पांना सांगायला तोंड कुणाचं होणार? अण्णांनीच सांगितलं, गल्लीच्या वळणावर, जमिनीकडं बघत. "आत्ता परत जाऊन खरं सांगतो," म्हणाले.

अप्पांनी रुमाल सारखा केला. बराच विचार केला. जन्मभर कचेरीत काढलेला माणूस, नोकरी म्हणजे काय ते त्यांना कळत होतं.

"किती दिवस मेलेलं राहायचं?" त्यांनी विचारलं.

"कायम करेपर्यंत. मग सांगून टाकू."

"हूं. राहतो."

अण्णा कायम झाले. मग बढतीचं आलं, मग लग्न, मग दुसरी बढती. सांगायचा दिवस काही उगवला नाही. एजंटसाहेब दूर केशवापुरात राहत. अप्पांनी बँकेचा रस्ता सोडला. दुर्गदबैलात भाजीला जायचं तर मागच्या बोळानं. एजंटसाहेबांचा टांगा समोरून आला की अप्पा भर उन्हात छत्री तोंडासमोर उघडत. आणि आमची गल्ली, जिच्या तोंडात एरवी तीळ भिजत नाही, तिनं हे मात्र जिवापाड जपलं. उपकार म्हणून नव्हे. गेलेला माणूस रोज सकाळी ओट्यावर बसून पान कुटतो आहे, ही मजा कुणाला घालवायची नव्हती. पोरं तर रस्त्यानं जाताना त्यांना हात जोडत. अप्पाही वरदहस्त दाखवत.

अण्णांच्या मुलाच्या बारशाला साहेब न सांगता घरी आले. अप्पा मधल्या खोलीत नातवाला मांडीवर घेऊन बसले होते. पळायला दार नव्हतं.

"हे कोण?" साहेबांनी विचारलं.

"काका," अण्णा म्हणाले. "वडिलांचे भाऊ."

साहेब अप्पांसमोर बसले. "तुमचे भाऊ लवकर गेले. कसे होते हो?"

मी दाराआड होतो. मला वाटलं, आता अप्पा स्वतःवर स्तुतीचं पोतं रितं करणार. सुरुवात तशीच झाली. कचेरीत त्याच्या शब्दाला कशी किंमत होती, कलेक्टर त्याला कसा नावानं ओळखायचा, साहेब माना डोलावत होते. मग अप्पांची गाडी मध्येच थांबली. नातवाचं टोपडं नीट करत ते म्हणाले, "पण मुलाला त्यानं कधी विचारलं नाही काही. सगळं सांगितलंच. पोरगं भलं निघालं, त्याचं काही यात नाही."

साहेबांचे डोळे पुन्हा भरले. अण्णा पाणी आणायला आत गेले ते बऱ्याच वेळानं आले. येताना पाणी आणायला विसरले होते.

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटाकडं अप्पा खरोखरच गेले. दम्यानंच. रात्री जेवले, सकाळी उठले नाहीत. बँकेत निरोप गेला, काका वारले. साहेबांनी रजा दिली.

वेळ वाईट होती. साहेब निवृत्त व्हायचे होते आणि त्यांच्या खुर्चीवर कुणाला बसवायचं याची शिफारस त्यांनी त्याच पंधरवड्यात करायची होती. अण्णांचं नाव ठरल्यात जमा. ज्या खुर्चीसाठी मिशा पहिल्यांदा वाढवल्या ती हाताला लागली होती. गल्लीतल्या शहाण्यांनी सल्ला दिला की क्षौर नको. पुतण्याला कशाला लागतं? भटजीसुद्धा, म्हातारे झाले होते, कुजबुजले, "तुझ्या धाकट्या भावाकडून करवून घेऊ. शास्त्राला चालतं."

अण्णा सरळ उठले. न्हाव्यासमोर जाऊन बसले.

दिवस झाल्यावर ते बँकेत गेले तेव्हा मी साहेबांच्या खोलीतच होतो, त्यांच्या विम्याचं बोलायला. अण्णा आत आले. डोकं तुळतुळीत, तोंड कोरं, पहिल्या दिवसासारखंच, फक्त आता गाल बसलेले. साहेब क्षणभर बघत राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर समजूत आली, आणि तीही किती सोयीची!

"अच्छा," ते मायेनं म्हणाले. "काकांना मुलगा नव्हता वाटतं. म्हणून तुम्ही केलंत."

मी टेबलाखालून अण्णांच्या पायाला पाय लावला. नुसतं हौदु म्हणायचं होतं. एकदा म्हटलं होतं तसंच.

"होता, सर," अण्णा म्हणाले. "मी."

साहेबांना वेळ लागला. मी विम्याच्या कागदात डोकं घातलं. वाचत काहीच नव्हतो.

"म्हणजे त्या दिवशी, बारशाला, ते..."

"अप्पाच होते."

साहेब उठून खिडकीशी गेले. पाठमोरेच उभे राहिले. माणूस वाईट नव्हता. बँकेत खोटं रोज येतं, खोट्यासाठी ते एवढे दुखावले नसते. पण या खोट्यापुढं ते दोनदा रडले होते, आणि एजंटाला फुकट गेलेलं काही सहन होत नाही. "तुम्ही जा," एवढंच म्हणाले.

खुर्ची दुसऱ्याला गेली. त्याचे वडील हयात असल्याची साहेबांनी आधी घरी जाऊन खात्री करून घेतली, असं म्हणतात. अण्णांची बदली घाटाखालच्या एका लहानशा शाखेत झाली, होते त्याच हुद्द्यावर.

मी त्यांच्यावर चिडलो होतो. "फुकट सुटत होता की हो!" पायरीवर मी म्हणालो. "काय बिघडलं असतं?"

"तसं नव्हे रे," अण्णा म्हणाले. "ते जिवंत होते तोवर त्यांना मेलेलं म्हणायला मला काही वाटलं नाही. ते पण हसायचे. आता मेल्यावर निपुत्रिक कसं म्हणू?"



बदलीच्या दिवशी त्यांना पोचवायला स्टेशनवर गेलो. ट्रंका, वळकट्या, पोरं, सगळं आत चढवलं. एक वस्तू मात्र अण्णांनी हमालाच्या हाती दिली नाही. धोतरात गुंडाळलेली काचेची चौकट होती. आत बसल्यावर त्यांनी धोतर सोडलं. अप्पांचा मोठा करून घेतलेला फोटो, वर चंदनाचा हार. इतकी वर्षं घरात असा फोटो लावायची सोय नव्हती. हार घालावा तर माणूस समोर बसलेला, न घालावा तर साहेब कधी येतील सांगता येत नाही.

अण्णांनी फोटो मांडीवर उभा धरला, तोंड डब्यातल्या माणसांकडं करून. गाडी हलली. समोरच्या बाकावरचा एक शेतकरी पुढं वाकून काहीतरी विचारत होता, बोट फोटोकडं होतं. अण्णा बोलू लागले. चाकांच्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही. गाडी फलाट सोडून वळेपर्यंत मी बघत होतो. अण्णांचे हात हलत होते, तो माणूस मान डोलावत होता, आणि सांगून अजून संपलं नव्हतं.